कमोडच्या बुडाशी व्हाइट सिमेंट: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा, की कमोडच्या बुडाशी पाणी दिसले तर प्लंबरवर पैसे घालवू नयेत. फट पुसून तीत व्हाइट सिमेंट भरावे, वरून सिलिकॉन फिरवावे, स्क्रू घट्ट आवळावेत आणि कमोड उचलण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये. एवढे करूनही खालच्या घराचे छत ओले राहिले, तर दोष वॉटरप्रूफिंगचा समजावा. बांधकामांवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि या सल्ल्याने केलेल्या दुरुस्त्या उकलून पाहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली, म्हणून त्यातील एकेक विधान तपासतो.

पहिले विधान असे, की पाणी फटीतून येते म्हणून फट बुजवली की गळती थांबते. ज्या कमोडचे तोंड खाली जमिनीत उघडते, म्हणजे एस-ट्रॅपचा कमोड, त्यात मैलापाणी अडवण्याचे काम बुडाची कडा करतच नाही. ते काम आत, नजरेआड असलेल्या पॅन कनेक्टरचे असते. कमोडचे तोंड आणि 110 मिलिमीटरचा ड्रेनेज पाइप यांच्यामध्ये तो बसतो आणि त्याच्या रबरी ओठांनी सांधा बंद होतो. हे रबर कडक झाले, दुमडले किंवा पाइपापर्यंत पोहोचलेच नाही, तर फ्लशचे थोडे पाणी बाहेर सांडते, बुडाखाली पसरते आणि कडेच्या फटीतून आपल्याला दिसते. फट बुजवल्यावर सांडणे तसेच चालू राहते, पण पाण्याला वर येण्याची वाट उरत नाही, म्हणून ते टाइलखालच्या कोब्यात (सिमेंट-वाळूच्या थरात) आणि संकन स्लॅबच्या, म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खोल ठेवलेल्या स्लॅबच्या, विटांच्या भरावात मुरते. समजा, प्रत्येक फ्लशला अर्धा कप, म्हणजे सुमारे 100 मिलिलिटर पाणी सांडले आणि घरात दिवसाला वीस वेळा फ्लश झाला, तर रोज 2 लिटर आणि महिन्याला 60 लिटर मैलापाणी भरावात जाते.

आमच्याच इमारतीतील एका घरात असा कमोड उचलला, तेव्हा बुडाभोवती व्हाइट सिमेंटची तीन कडी एकावर एक निघाली. रंगाच्या छटेवरून ती वेगवेगळ्या वेळी भरलेली होती हे कळत होते. आतला कनेक्टर मात्र जवळजवळ नवा होता. बसवताना त्याचा रबरी ओठ एका बाजूला आत दुमडला गेला होता, एवढाच काय तो दोष. त्या घरात काही वर्षांपूर्वी जुन्या टाइलवरच नवी टाइल बसवली होती. असे केले की फरशी दोन-अडीच सेंटिमीटर वर येते, पाइपाचे तोंड तेवढेच खोल राहते, आणि मग प्लंबर कनेक्टर तिरपा रेटून काम भागवतो. नूतनीकरणानंतर वर्ष-दोन वर्षांत सुरू झालेल्या गळतीत मी सर्वांत आधी हेच पाहतो. यावर उपाय पाइपाला जोड देऊन त्याचे तोंड फरशीच्या पातळीला आणणे किंवा लांब कनेक्टर घेणे हा आहे.

दुसरे विधान व्हाइट सिमेंटविषयी आहे. ते नावाने पांढरे असले, तरी जातीने साधे पोर्टलँड सिमेंटच आहे; त्यात लोहाचा अंश कमी असतो म्हणून रंग पांढरा. ते जलरोधक नाही आणि लवचीकही नाही. माणूस बसला-उठला की कमोड केसभर हलतो आणि सिमेंटला बारीक तडा जातो. शिवाय पुढे कमोड काढायचा झाला, तर सिमेंटला चिकटलेली चिनीमाती फुटण्याचीच शक्यता अधिक.

स्क्रू आवळण्याचा सल्ला तर सरळसरळ नुकसानीचा आहे. डुगडुगणाऱ्या कमोडला पाचर हवी असते. नुसता पाना फिरवत राहिल्यास बुडाला तडा जातो आणि काहीशे रुपयांचे काम नव्या कमोडवर जाते. टाइल खाली पोकळ असेल तर गिट्टीच, म्हणजे स्क्रू धरणारी भोकातली प्लास्टिकची खुंटी, धरत नाही, मग स्क्रू कितीही फिरवा.

कमोड उचलण्याची गरज नाही, या विधानात मात्र थोडे तथ्य आहे, फक्त संदेश लिहिणाऱ्याला ते ठाऊक असावे असे वाटत नाही. बुडाशी साचलेले पाणी पुष्कळदा अँगल कॉकचे (टाकीला पाणी देणाऱ्या भिंतीवरच्या छोट्या नळाचे), जेट स्प्रेच्या नळीचे किंवा टाकी आणि भांड्यामधल्या वॉशरचे असते. पी-ट्रॅपच्या कमोडचा सांधा तर मागे भिंतीत असतो; तिथून ओघळलेले पाणी बुडाशी येते आणि उगाच फरशीवर संशय घेतला जातो. म्हणून आधी फरशी कोरडी करून बुडाभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवाव्यात, फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ चमचाभर टाकावी आणि अर्धा तास फ्लश करू नये. फ्लश न करताच कागद स्वच्छ पाण्याने भिजला, तर दोष नळाच्या बाजूचा किंवा भांड्याला गेलेल्या तड्याचा. निळ्या पाण्याने भिजला, तर टाकीचा. फ्लश केल्यानंतरच कागद निळा झाला आणि टाकीच्या बाजूने ओघळ दिसत नसला, तर दोष बहुधा सांध्याचा, आणि एस-ट्रॅप असेल तर मग कमोड उचलण्याला पर्याय नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा: पुढे लाइन तुंबलेली असेल तर पाणी मागे चढून चांगल्या सांध्यातूनही बाहेर येते. भांड्यातले पाणी फ्लशनंतर हळूहळू उतरत असेल, तर आधी तुंबलेली लाइन मोकळी करून घ्यावी.

उचलण्याचे काम दोन माणसांचे आहे. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, भांड्यातले पाणी स्पंजने टिपावे, आणि कमोड बाजूला होताच पाइपात चिंधी कोंबून तिचे टोक बाहेर ठेवावे, नाहीतर दुर्गंधी घरभर पसरते. नव्या कनेक्टरच्या रबराला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा खोबरेल तेल नको. कमोड सरळ खाली दाबावा आणि स्क्रू दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. त्यानंतर लागोपाठ दहा वेळा फ्लश करून कागदाची चाचणी पुन्हा घ्यावी. सिलिकॉनची पाळी या चाचणीनंतर येते. ते ओल्या पृष्ठभागावर धरत नाही, म्हणून कडा कोरड्या हव्यात, आणि नंतर चोवीस तास ते भिजू देऊ नये. पुढची आणि दोन्ही बाजूंची कड भरून मागे दोन बोटे जागा मोकळी सोडावी, म्हणजे सांधा पुन्हा कधी बिघडला तर पाणी आधी आपल्याच फरशीवर येईल आणि वेळीच कळेल.

उरले वॉटरप्रूफिंग. छताला ओल आली म्हणून सगळे बाथरूम फोडण्याचा खर्च काढण्याआधी ही नीळ वापरून पाहावी. तीन आठवडे फोडाफोड करून, नवा कोबा घालून, तोच दुमडलेला कनेक्टर परत बसवल्याचे उदाहरण मी पाहिले आहे. आणि हा प्रश्न संस्थेवरही ढकलता येत नाही: महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी घरातली अंतर्गत गळती सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते.