‘समाधानी आहात का?’ हा प्रश्नच आधी बाद करा

मागच्या आठवड्यातली गोष्ट. शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. फोन वाजला. त्यांचे हात पत्ती-तंबाखूत, म्हणून मीच उचलून स्पीकरवर टाकला. रेकॉर्ड केलेला आवाज. सरकारी दवाखान्यातल्या उपचारांबद्दल समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन.

अक्का मान वर न करता म्हणाल्या, “एक दाब की.”

मी दाबला. पण डोकं भणभणायला लागलं. कारण दोनच दिवसांपूर्वी ह्याच अक्का सकाळी आठला घरातून निघून दुपारी तोंड उतरवून परत आल्या होत्या. केस पेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग रक्ताची. दोन गोळ्या “बाहेरून घ्या” म्हणून चिठ्ठीवर, आणि रिपोर्टसाठी परत उद्या या. कुठला दवाखाना ते सांगत नाही. तिथल्या पोरापोरींना किती पेशंट तपासावे लागतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, राग त्यांच्यावर नाही.

“मग एक कशाला दाबायला लावलं?” तर म्हणाल्या, “गोळ्या दिल्या की. आणि डॉक्टर ओरडला पण नाही.”

ओरडला नाही, म्हणून पूर्ण मार्क! समाधान म्हणजे मिळालं किती, एवढंच नसतं. अपेक्षा किती होती, तेही त्यात मोजलं जातं. जिची अपेक्षाच जमिनीला टेकलीय, ती कायम एकच दाबणार. आणि वर कुठंतरी आपल्या सोलापूरच्या नावापुढं हिरवी टिकली लागणार.

ह्या घोळात मोठमोठे लोक अडकलेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2000 साली 191 देशांच्या आरोग्य व्यवस्थांना नंबर दिले. फ्रान्स पहिला, इटली दुसरा, आपण 112वे. माणसाला मान मिळतो का, वेळेवर बघतात का, खासगी गोष्ट खासगी ठेवतात का, हेही त्यात मोजलं होतं. फार चांगलं. पण विचारलं कुणाला? 35 देशांतल्या निवडक जाणकारांना. रांगेत बसलेल्याला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी ती यादी लोकांच्या मताशी ताडून बघितली. दुसऱ्या नंबरच्या इटलीत समाधानी लोक 20 टक्के, 34व्या डेन्मार्कमध्ये 91 टक्के!

ह्यावरून “बघा, लोकांनाच खरं कळतं” असं म्हणायचा मोह होतो. मला होत नाही, कारण माझ्यासमोर अक्का बसल्यात. जाणकारांना विचारून भागत नाही आणि लोकांना भलताच प्रश्न विचारूनही भागत नाही. संघटनेलाही पुढे ते कळलं असावं. नंतरच्या पाहणीत घरोघरी जाऊन विचारलं, त्यात महाराष्ट्रही होता. तिथं आधी एका कल्पित रुग्णाची हकिकत सांगायची आणि विचारायचं, हिला मिळालेली वागणूक कशी? म्हणजे कोण कशाला ‘चांगलं’ म्हणतंय ते कळतं. डोकं लढवलंय खरं.

पण मला त्याहून सोपं वाटतं ते आपल्या शेजारच्या धाराशिवात झालेलं. 2007 पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात तेव्हाचं उस्मानाबाद होतं. गावातल्या लोकांनीच आरोग्य केंद्राचं प्रगतीपुस्तक भरायचं, हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायचा, मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. नर्सबाई गावात येते का? औषध बाहेरून आणायला लावलं का? पैसे मागितले का? ह्याला हो-नाही उत्तर असतं. तिथं “ओरडला नाही” चालत नाही.

पैशाचंही तेच. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले, हे मोठंच काम आहे. देशाच्या आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला, असं सरकारी हिशेब सांगतो. पण त्या हिशेबात बुडालेली मजुरी धरत नाहीत. विडीचा दर हजारावर. ज्या दिवशी अक्का रांगेत, त्या दिवशी हजार नाहीत. केस पेपर फुकट असून त्यांना तो दिवस महागच पडला, आणि रिपोर्टसाठी दुसरा दिवस गेला तो वेगळाच.

काल मी अक्कांना माझ्या पद्धतीनं विचारलं. किती वेळ बसलात? “आठ ते साडेअकरा.” डॉक्टरांपुढं किती वेळ? हसल्या. “बसायच्या आत झालं.” कुठली गोळी कधी घ्यायची, समजावून सांगितलं का?

“सांगितलं की. लाल गोळी रात्री, पांढरी जेवायच्या आधी. त्या बाईला तेलुगू येतंय, सगळं नीट सांगितली.”

मला बरं वाटलं. म्हटलं, नर्स होती का?

“नाही गं. रांगेत माझ्या मागं होती.”