स्प्लेंडर, बोलेरो आणि कलम १४

वादाला कारण नंद्याची स्प्लेंडर. नो पार्किंगमधून टोइंगवाल्यांनी ती उचलली आणि शेजारची 'महाराष्ट्र शासन' पाटीची बोलेरो तशीच ठेवली. उलट तिला घासू नये म्हणून टेम्पो जपून मागे घेतला! नंद्या साताऱ्यातल्या आमच्या कट्ट्यावर आला तो दंडाची पावती नाचवतच.

"१ मे २०१७ पासून लाल दिवे बंद झाले ना रे?"

"दिवा गेला, पाटी राहिली," मन्या म्हणाला.

मग नंद्या रामशास्त्र्यांवर घसरला. आमच्याकडे हे व्हायचंच, त्यांचं माहुली गाव जवळच आहे. "१७७३ साली नारायणराव पेशव्याच्या खुनाबद्दल राघोबाला तोंडावर सांगितलं, देहान्त प्रायश्चित्त!"

"आणि झालं काय?" मन्या म्हणाला. "शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले, राघोबा गादीवरच. त्याला पाडला बारभाईंनी, म्हणजे विरोधातल्या कारभाऱ्यांनी, निकालानं नाही. दहा वर्षांनी कोपरगावात मेला, तोही आपल्या मरणानं."

वकील इतका वेळ चहा फुंकत होता. "अंतुले आठवतात? सिमेंट वाटपावरून हायकोर्टाने ठपका ठेवला, १९८२ ला मुख्यमंत्रिपद गेलं. खटला लवकर उरकावा म्हणून १९८४ ला सुप्रीम कोर्टाने तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट हायकोर्टात दिला. १९८८ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेशच फिरवला. कारण? तसल्या खटल्यातल्या बाकीच्या आरोपींना हायकोर्टात अपील मिळतं, यांचंच का कापायचं? घटनेचं कलम १४, कायद्यापुढे सगळे समान!"

"म्हणजे समानता मिळाली ती मुख्यमंत्र्याला!"

"मुख्यमंत्र्याला*ही*."

मी वकिलाच्या बाजूचा. (कट्ट्यावर मला कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो.) मोठ्या माणसासाठी नियम वाकवलेला बघून टाळ्या वाजवायच्या आणि आपल्यासाठी वाकवला की बोंब मारायची, हे मला पटत नाही. पण मन्याने विचारलं, "सात न्यायाधीशांपर्यंत जायला खिसा केवढा लागतो?" त्यावर वकील गप्प. मीही.

"आणि सरकारी माणसावर केस करायला आधी सरकारचीच मंजुरी," मन्या सोडेना.

"सगळ्या केसला नाही. काही नोकरांना, तेही कामाच्या ओघात घडलेल्या गोष्टीसाठी. आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असंच धरतात."

"एकशेवीस दिवस! आणि माझ्या स्प्लेंडरला?"

"चार मिनिटं," चहावाला गाळणी आपटत म्हणाला. "मी बघत होतो."