पन्नास पैशांचा घोर

चिंगीच्या बाईंनी चौथीच्या वर्गाला गृहपाठ दिला : नातेवाइकांना पोस्टकार्ड पाठवा आणि टपालाची माहिती लिहा. असले गृहपाठ पोरांच्या वहीत असतात आणि बापाच्या डोक्यावर.

माझ्या सासूबाई विट्याला. पत्र त्यांनाच पाठवायचं ठरलं. रोज रात्री साडेआठला त्यांचा व्हिडिओ कॉल असतो, त्यात आमच्या डब्यातल्या भाजीपर्यंत सगळं त्यांना कळतं. मग पत्रात लिहायचं काय? ‘आम्ही मजेत आहोत.’ ठीक.

कार्ड 50 पैशांना मिळतं. मी खिडकीवर रुपया ठेवला. परत द्यायला बाईंकडे आठ आणे नव्हते, म्हणून दोन कार्डं घेतली. बरंच झालं. पहिल्यावर चिंगीनं पत्त्याच्या जागी मोर काढला.

रात्री जेवणं झाल्यावर मी इतिहासाला हात घातला.

“पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे घेणाऱ्याला द्यावे लागायचे. पत्र किती लांबून आलं आणि आत कागद किती, हे मोजून. लोक बिलंदर. पत्राच्या बाहेरच खूण करून ठेवायचे. घेणारा ती बघायचा, काय ते समजायचा आणि ‘परवडत नाही’ म्हणून पत्र परत करायचा. शेवटी रोलंड हिल यांच्या सांगण्यावरून पाठवणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे ठरलं आणि 1840 मध्ये एका पेनीचं काळं तिकीट निघालं.”

“म्हणजे पत्र न वाचताच सगळं कळायचं?”

“सगळं.”

तिनं हे वहीत लिहून घेतलं. मला हुरूप आला. “आणि आपल्याकडं तिकिटं आणली ती एका सातारकरानं! बार्टल फ्रिअर. आधी इथं रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील होता, 1850 मध्ये सिंधला गेला. तिथं त्यानं 1852 मध्ये तिकिटं काढली. पहिली लाल लाखेची होती, हाताळली की तुकडे पडायचे.”

“चार दिवस इथं राहिला म्हणून तो सातारकर,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “मला चौदा वर्षं झाली, अजून विट्याचीच म्हणता.”

मी घाईनं 1854 वर आलो. “त्या वर्षी सगळ्या देशाला एकच दर झाला. पत्र कुठंही जाऊ दे, पाव तोळ्याला अर्धा आणा.” आतल्या बाजूला यातलं फक्त ‘पाव तोळा’ ऐकू गेलं. तो विषय मी इथं वाढवत नाही.

पत्त्यापाशी गाडी अडली. चिंगीनं विट्याचा पिन लिहिला, 415311, आणि पेन खाली ठेवलं.

“बाबा, आपलं 415001. विटा तर सांगली जिल्ह्यात. मग त्यांना आपला आकडा का?”

मी सांगितलं, की श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे बघून टपालाची छाटणी होते, शेवटच्या तिनांवरून बटवडा कुठल्या ऑफिसातून होणार ते कळतं. पोस्टाची वाटणी कलेक्टरला विचारून झालेली नाही. रत्नागिरीसुद्धा 415612 च आहे.

“मग सांगलीचा काय?”

“416416.”

“दोनदा का?”

“पहिल्यांदा ऐकू आला नाही तर म्हणून,” मी ठोकून दिलं. ते मात्र वहीत गेलं नाही. पोरीला पारख आहे.

मग मी जुन्या हरकाऱ्यांकडे वळलो. रानातून टपाल घेऊन पळताना जनावरं दूर जावीत म्हणून त्यांच्या काठीला घुंगरं असायची, हे मी पळून दाखवत होतो, तेवढ्यात कार्डाच्या कोपऱ्यावर शाई सांडली. चिंगीनं तेवढाच कोपरा कातरीनं सफाईदार कापून टाकला. नीटनेटकी पोर, मी कौतुक केलं आणि सकाळी पोवई नाक्याकडं जाताना कार्ड लाल पेटीत टाकलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी मेव्हण्याचा फोन. व्हिडिओ नाही, साधा. मागं रडारड.

“दाजी... कोण गेलं?”

“कुठं गेलं?”

“कार्ड आलंय. कोपरा काढलेलं.”

माझ्या पोटात गोळा आला. कोपरा काढलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे मी साफ विसरलो होतो. “अरे, पण त्यावर लिहिलंय काय ते वाच की!”

“तसलं कार्ड घरात कोण आणतंय, दाजी? आईनं बघितलं आणि बाहेरच टाकलं. आंघोळीला पाणी ठेवलंय. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी पण आणलीय.”

शाई, कातरी, चौथीचा गृहपाठ, सगळं मी एका दमात सांगितलं. पलीकडं बराच वेळ नुसती चुळबुळ. मग सासूबाईंनी फोन घेतला.

“जावईबापू, सगळे हाय न्हवं?”

“आहोत. मजेत आहोत.”

“मग एवढं तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

पिठलं-भाकरी त्यांनी परत केली नाही, असं नंतर कळलं. मी फोन ठेवला तेव्हा चिंगी गृहपाठाची शेवटची ओळ लिहीत होती : ‘आमचे पत्र न वाचताच आजीला सगळे कळले.’