स्वस्त टायर घेताना तारीख बघा

ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठी, सेकंडहँड सेमी-स्लिक (कमी नक्षीचे, मऊ रबराचे टायर) घ्या, निम्म्या पैशात काम होतं, हा एका लेखातला सल्ला मला अर्धाच पटला. कोल्हापुरातून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या ट्रॅकला माझी पोलो गाडी नेली तेव्हा असेच टायर घातले होते. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूवर २३१७, म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. रबर इतकं कडक की नख रुतेना. दुसऱ्याच वळणाला गाडीचं तोंड बाहेर! त्यापेक्षा कमी ट्रेडवेअर आकड्याचे (हा झिजेचा आकडा, कमी म्हणजे रबर मऊ नि पकड जास्त) नवे रोड टायर परवडतात, घरीही त्यावरच परतता येतं. टायर तापला की हवेचा दाब चढतो, म्हणून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागी) आल्या आल्या मोजा. मी आकडे खडूने टायरवरच लिहितो. आणि पावसात सेमी-स्लिकवर आंबोली घाट उतरू नका, कळकळीने सांगतोय.