पारोशाने छापणार नाही!

पूर्वी घरोघरी एखादे सोवळे आजोबा असत. आंघोळ झाल्याशिवाय चहाच्या कपालाही शिवत नसत. आता ती गादी इंकजेट फोटो प्रिंटरकडे आली आहे. चवथीच्या आदल्या दिवशी शेजारची काकी पेनड्राइव्ह घेऊन येते, ‘एकच फोटो रे, पटकन’ म्हणते, आणि हा खर्रर्र, टक्, घुर्रर्र करत स्नानाला बसतो. आजोबा निदान विहिरीचं पाणी घ्यायचे. हा शाईने आंघोळ करतो, तीही सहा रंगांच्या!

न्हाणीघर उजव्या कोपऱ्यात असतं. तिथे रबरी काठाची एक चपटी डबी असते, तिला कॅप म्हणतात. हेड, म्हणजे शाईचे थेंब उडवणारं बारीक छिद्रांचं डोकं, तिच्यावर गच्च बसतं, खालचा पंप नळी पिळत छिद्रांतून शाई ओढून घेतो, मग रबराची एक पट्टी, म्हणजे वायपर, हेडचं तोंड पुसते. ओढलेली शाई जाते तळाच्या जाड, सच्छिद्र पॅडमध्ये. परत टाकीत नाही. वाणसामानाच्या हिशेबात हा खर्च कुठे मांडायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.

त्याचीही बाजू आहे म्हणा. छिद्रं केसाहून बारीक. थेंब दीड ते चार पिकोलिटरचा, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. तिथे शाईची किंचित साय धरली किंवा हवेचा बुडबुडा अडकला, की नवरीच्या गालावर पांढरा पट्टा. आंघोळ हवीच. पण जुलैत आमच्या गोव्यात बरणीतलं मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे शाई वाळणार ती कितीशी? बरेच प्रिंटर हवा बघतच नाहीत, मागच्या आंघोळीला किती तास झाले तेवढंच मोजतात.

त्यात आपली सवय. ढग गडगडले की घरातले सगळे प्लग उपटायचे. उपटा, वीज पडून बोर्ड जळण्यापेक्षा ते बरंच. पण आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबा आणि दिव्याची उघडझाप थांबेपर्यंत थांबा. तेवढ्यात हेड कॅपवर जाऊन बसतं. छपाई चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद केला, तर ते वाटेतच उघडं राहतं आणि खरोखरच वाळतं. शिवाय वीज परत आली की हा बरेचदा पुन्हा न्हाऊन घेतो. वीज दिवसातून चारदा गेली, तर कधी कधी चार वेळाही.

पट्टा दिसला म्हणून लगेच ‘हेड क्लीनिंग’ दाबू नका. आधी नोझल चेक, म्हणजे छिद्रं तपासायचा नमुना, काढा, त्याला नावापुरती शाई लागते. पायऱ्यांसारख्या रेषा कुठे तुटल्यात ते बघा. पिवळ्या रेषा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत; निळ्या पारदर्शक फाइल-कव्हरमधून बघा, काळपट दिसतील. तुटल्या असतील तर एकदा क्लीनिंग, पुन्हा चेक. असं फार तर तीनदा. तरी नाहीच भरल्या, तर बंद करून बारा तास हात लावू नका. अडकलेली हवा बसल्या बसल्या सुटते. पण आपण ओळीने आठवेळा दाबतो. पंपाच्या ओढीने नवे बुडबुडे शिरतात, सकाळी भरलेली होती तेवढी रेषही जाते, आणि मग शिव्या शाईवाल्याला. ‘पॉवर क्लीनिंग’, म्हणजे भरपूर शाई ओढणारी जोरदार सफाई, तर साक्षात महारुद्र. टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये. नळ्यांत हवा भरते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा सहाही रंगांची बोटभर पट्टी छापणं. निव्वळ काळ्या अक्षरांचं पान चालत नाही, बाकीचे रंग उपाशीच राहतात. वायपरवर शाईची खपली आणि मांजराचा केस चिकटलेला सापडला, तर बिनधाग्याच्या फडक्याला डिस्टिल्ड वॉटर लावून टिपा. केस राहिला तर तोच प्रत्येक आंघोळीला हेडभर फिरतो.

उरलं पॅड. ते किती भिजलं हे प्रिंटर पाहत नाही, आंघोळी मोजून अंदाज बांधतो आणि एक दिवस संप पुकारतो. बिनकडेचे फोटो आवडत असतील तर तो दिवस लवकर येतो, कारण कागदाबाहेर उडालेली शाईही आतच मुरते. काही मॉडेलांत मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे पॅड असलेली सुटी डबी, असतो, तो पाच मिनिटांत बदलता येतो. नसेल, तर कुणीतरी हुशार पोरगा सॉफ्टवेअरने आकडा शून्य करून देतो. आकडा शून्य होतो, पॅड नाही. मग दुरुस्तीसाठी तोच प्रिंटर स्कूटरवर पायांपाशी तिरका ठेवून फोंड्याहून म्हापशाला निघायचं, आणि बाणस्तारीच्या पुलापर्यंत पँटवर काहीतरी कोमट, ओलं जाणवायला लागतं. सहा रंग एकत्र झाले की डाग काळपटच पडतो, आणि तो काही केल्या आंघोळीने जात नाही.