सात म्हणजे कुणाचे सात?

तीन भावंडांत मी मधला. लहानपणी मधल्याच्या वाट्याला दादाचे जुने शर्ट आणि धाकटीने टाकलेला उपमा यायचा; मोठेपणी वेळही मधलीच आली. दादा अमेरिकेत सॅन होझेला, धाकटी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला, मी पुण्यात आईजवळ. दादाचा मुलगा शिकायला लंडनला. त्यामुळे घरातलं कुणी ना कुणी कायम झोपलेलं असतं, आणि त्याला उठवल्याचं पाप कायम माझ्या माथी.

घोडं पेंड खातं ते आपल्या अर्ध्या तासापाशी. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आपण घड्याळ लावलं आणि ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे जाऊन बसलो. लंडनपुरता एक तोडगा मला ऑफिसातल्या एका जुन्या कारकुनाने शिकवला होता: मनगटावरचं काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं. दहा वाजलेले असले तर साडेचार दिसतात, आणि तीच लंडनची वेळ. मी हिवाळाभर हात वाकडा करून पुतण्यावर छाप पाडली. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकली, की मात्र माझं उलटं घड्याळ ऑक्टोबरअखेरपर्यंत खोटं बोलतं. अमेरिकेची घड्याळं त्याआधीच, मार्चच्या दुसऱ्या रविवारी सरकतात. न्यूझीलंडची एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. बारा महिने तेरा काळ जागचे न हलणारे आपण, तरी "तुमची वेळ बदलली का रे?" असं दादा दर वर्षी मलाच विचारतो.

खरं तर हा घोळ आमच्या घरात विमानाने आलेलाच नाही. आई १९५१ साली गिरगावात जन्मली. देशात स्टँडर्ड टाइम १९०६ सालीच आला होता, पण मुंबईने १९५५ पर्यंत आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नव्हता; तो स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे. आजोबांनी वहीत नुसतं 'सकाळी सात' लिहून ठेवलंय. कुणाचे सात, ते नाही. एका गुरुजींनी आईची पत्रिका कुंभ लग्नाची केली, दुसऱ्यांनी मीन लग्नाची. आई दोन्ही जपून ठेवते आणि त्या त्या महिन्यात ज्या राशीचं भविष्य बरं असेल ती वापरते.

तर या आईची पंच्याहत्तरी. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, सगळ्यांनी फोनवरून बघायचं. मी फेब्रुवारीत वही-पेन घेऊन बसलो. दुपारी करावं तर लंडन खूश, पण सॅन होझेला मध्यरात्र. सकाळी करावं तर दादा-धाकटी दोघेही जागे, पण पुतण्या पहाटेच्या चार वाजता उठेल ही आशाच वेडी. शेवटी आई म्हणाली, "भरदुपारी कुणी ओवाळतं का? दिवेलागणीनंतर बघा." प्रश्न मिटला. रविवारी रात्री साडेआठ. ग्रुपवर तक्ता टाकला: लंडन दुपारी तीन, दादा सकाळी सात, धाकटी... सोमवार, पहाटे चार. धाकटीने नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याकडे मला अजून बघवत नाही.

हुशार वाचकाच्या लक्षात आलं असेल. तो मार्चचा दुसरा रविवार होता.

संध्याकाळी साडेसातला मी स्वयंपाकघरात कणकेच्या दिव्यांत फुलवाती बसवतोय, आईच्या पैठणीच्या निऱ्या बायकोच्या हातात, आणि टॅब वाजायला लागला. स्क्रीनवर दादा. झब्बा, गंध, आणि झोपेने सुजलेले डोळे.

"सात वाजले. कुठे आहात सगळे?"

"दादा, अजून तासभर आहे."

"तूच सात म्हणालास!"

"सात म्हणालो, पण ते कालपर्यंतचे सात. आजच्या सातचे आठ झालेत."

हे वाक्य मी एका इंजिनिअरला, तेही रविवारी सकाळी, म्हणालो. तो काही बोलला नाही. वहिनीला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि ती आतून काय म्हणाली ते टॅबच्या माइकने सगळं उचललं.

साडेआठला पंखे बंद केले, दिवे लावले. मार्चचा उकाडा, त्यात पंच्याहत्तर ज्योती. हॉलची भट्टी झाली. धाकटीच्या चौकोनात मिट्ट काळोख. जावईबापू झोपलेत म्हणून ती पांघरुणातून कुजबुजत होती: "मी सोमवारातून बोलतेय. तिकडे अजून रविवारच आहे ना?" आई म्हणाली, "अगं, दिवा तरी लाव, तोंड दिसू दे." इथे पंच्याहत्तर लावले होते, आईला तो शहात्तरावा हवा होता.

आणि पुतण्या? भरदुपारी तीनला, ज्याला ना उठायचं होतं ना जागायचं, तोच तेवढा हजर नव्हता. "नातू आल्याशिवाय नाही," म्हणून आई पाटावर बसून राहिली. फुलवातींना मात्र आजीच्या मायेचं काही पडलेलं नसतं. कडेच्या ज्योती फडफडून विझू लागल्या. बायको माझ्याकडे बघत होती. मी उगाचच घड्याळ उलटं करून बघितलं. तीन वाजून वीस होत आले होते.

आठ बावन्नला साहेब हजर झाले. खरंच, फक्त बावीस मिनिटं. "सॉरी काका, जेवत होतो."

आईने ताटातले पेटते दिवे मोजले. "बत्तीस उरले. बरं झालं, वय उतरलं माझं. ओवाळा लवकर."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी एकला जेवण उरकून आईने स्वतःच फोन उचलला आणि दादाला लावला. मी भात कालवता कालवता ओरडलो, "आई, तिकडे रात्रीचे साडेबारा झालेत!" पहिल्याच रिंगला पलीकडून आवाज आला, "बोल गं, आई."

आईने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. "जागाच आहे तो. तू उगाच वेळा जुळवत बसतोस."