थिनरने मिसिंग जात नाही

जळगाव-धुळ्याकडे एक मेसेज फिरतोय: जुनी पेट्रोल गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट न घेता इंजिन थरथरत असेल, तर टाकीत पाव लिटर थिनर ओता, कार्बन सुटतो. ओतू नका. थिनरने रबरी नळ्या आणि सील फुगतात. प्लगची ठिणगी सुधारत नाही.

आधी मेलेला सिलिंडर शोधा. तीन सिलिंडरची मारुती ८०० घ्या. इंजिन बंद करून एक प्लगकॅप (प्लगवरचं वायरचं टोपण) काढा, तिच्यात जादा प्लग खोचून इंजिनच्या लोखंडाला टेकवा, मग स्टार्ट करा. थरथर वाढली तर तो सिलिंडर ठीक. फरकच पडला नाही, तर दोष तिथेच. आता तिथला प्लग खोला. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगी नाही, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त (एअर फिल्टर बघा, आपल्याकडची धूळ ठाऊक आहेच), तेलकट म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील खराब. प्लगच्या दोन टोकांमधली गॅप ०.७ ते ०.८ मिमी. खान्देशच्या उन्हात व्हॅक्यूमची रबरी नळीही तडकते, तिथून हवा आत शिरते, सूंऽऽ आवाज येतो; मिसिंग त्यानेही होतं.